जया मावशीचं शिफारसपत्र

खोपट, ठाणे
४ मे २०२५

दर्शना टीचर यांना जया मावशीचा नमस्कार.

पाकिटावर माझं नाव बघून तुम्ही हे पत्र न फोडताच कपाटावर टाकलं असेल, तर माझं काही म्हणणं नाही. पण फोडलंच असेल तर आता पुरतं वाचा, कारण हे लिहायला मला तीन रविवार लागलेत. तुमचा सांगलीचा पत्ता संचिता टीचरकडून घेतला. त्या आधी देतच नव्हत्या. म्हणाल्या, "मावशी, तिला शाळेचं नाव काढलेलं आवडत नाही, फोन तर मुळीच करू नका." मी म्हटलं, फोन करायचाच नाहीये मला. फोनवर माझी जीभ कुठच्या कुठे जाते हे तुम्हाला माहीतच आहे.

तुम्ही कुरियरच्या ऑफिसात असता असं कळलं. तीस पोरं एका नजरेत गप्प करणारी बाई आता पार्सलांवर शिक्के मारते हे ऐकून मला कसंतरीच झालं. मी अजून टेंभी नाक्यालाच, त्याच बालवाडीत, त्याच फाटकावर. आमचे हे खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिकच. शाळा सुटली की तुमच्या टेबलाखाली बसून चित्रं रंगवायची ती माझी सान्वी यंदा बारावीला गेली आणि मला अक्कल शिकवायला लागली.

आता कामाचं बोलते. शाळेने ठरवलंय की पुढच्या वर्षापासून प्रत्येक वर्गाला एक शिकलेली सहायक शिक्षिका पाहिजे. मुलांना भरवणं, शी-शू, गोष्टीच्या वेळी जवळ बसणं, फाटकापाशी आईबापांच्या हाती देणं, सगळं तिनेच करायचं. मावशींनी फक्त लादी आणि भांडी. मुलांना हात लावायचा नाही. टीचर, तेरा वर्षं मी या पोरांची नाकं पुसली, आणि आता पोरगं रडत समोर आलं तर मी पोछा धरून उभी राहायची. मला ते जमणार नाही. मोठ्या बाईंना तसं तोंडावर सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग कोर्स कर जया. एक वर्ष तुझी जागा धरून ठेवते, त्याहून जास्त नाही."

लॉकडाऊननंतर मी रात्रशाळेतून बारावी केली, एक्कावन्न टक्के, त्यामुळे कोर्सला बसू शकते. पण चांगल्या ठिकाणी शिफारसपत्र मागतात, आणि ते अशा टीचरचं पाहिजे जिच्या हाताखाली दोन वर्षं तरी काम केलंय. तुम्ही गेल्यापासून आमच्या वर्गाला सहा वर्षांत सात टीचर झाल्या. सलग चार वर्षं मी एकीच्याच हाताखाली होते, ती म्हणजे तुम्ही.

दिशाच्या त्या प्रकरणाबद्दल मी काही उकरून काढत नाही. मूल फाटकातून आजोबाबरोबर गेलं, दुसऱ्या दिवशी सुखरूप परत आलं, तुमची नोकरी गेली. वाईट झालं. पण त्याचा नि या कागदाचा संबंध नाही असं मला वाटतं.

देणार का शिफारसपत्र? नाही म्हणालात तरी राग मानणार नाही. थोडा मानेन.

तुमची,
जया मावशी


खोपट
१८ मे २०२५

दर्शना टीचर,

तुमचं पोस्टकार्ड मिळालं. चार ओळी, तेच अक्षर, फळ्यावरच्यासारखं सरळ. "फॉर्म पाठवा, भरून देते. पण कोर्स नीट बघून निवडा. कुठले कुठले बघितलेत ते लिहा." हे वाचून मी डेपोच्या फाटकावर जाऊन ह्यांना कार्ड दाखवून आले. ग्रीसच्या हाताने धरलं म्हणून ओरडलेही.

बघितले ते तीन. सान्वी बरोबर होती.

पहिला डोंबिवलीला, मिठाईच्या दुकानाच्या वर. जिन्यात तुपाचा वास, वर एसी आणि भिंतीवर हसणाऱ्या गोऱ्या मुलांचे फोटो. तीन महिन्यांचा कोर्स. काउंटरवरची पोरगी सान्वीहून दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. म्हणाली, "आँटी, टेन्शनच नाही. व्हिडिओ बघायचे, टेस्ट द्यायची, सर्टिफिकेट घरपोच. यायची पण गरज नाही." मी विचारलं, मुलं कुठायत? तिला वाटलं मी माझी मुलं शोधतेय. सर्टिफिकेटवर सोनेरी शिक्का असतो तो मात्र तिने तीनदा दाखवला. खोटं कशाला बोलू, माझं मन तिथेच बसलं होतं. शिफारसपत्र नको, मुलाखत नको, तीन महिन्यांत सुटका. सान्वीने दंडाला धरून खाली आणलं.

दुसरं आमच्या खोपटलाच, घरापासून चालत. बायकांचं कॉलेज, एक वर्षाचा कोर्स. लाकडी मणी, लाकडी जिने, वाळूची अक्षरं, सगळं इतकं सुंदर की हात लावायला भीती वाटावी. पण शिकवणं बरंचसं इंग्रजीत, आणि आठवड्यातून एकदाच कुठल्यातरी शाळेत जायचं, तेही मागच्या बाकावर बसून वहीत टिपून घ्यायला. चौकशीच्या रांगेत माझ्यापुढची मुलगी मला म्हणाली, "काकी, मुलीची ॲडमिशन का?"

तिसरं कल्याणला, विठ्ठलवाडी स्टेशनवरून रिक्षाने जावं लागतं. ट्रस्टचं जुनं कॉलेज, तळमजल्यावर त्यांचीच बालवाडी. आम्ही गेलो तेव्हा तिथल्या प्रमुख शेवंतीबाई खाली मांडी घालून एका पोराच्या बुटात अडकलेला खडा काढत होत्या. साठीच्या असतील. खडा निघेपर्यंत आमच्याकडे बघितलंही नाही. मग म्हणाल्या, "सकाळी साडेआठ ते साडेबारा मुलांबरोबर, दुपारी वर्ग. वर्षभर, रोज. नोकरी सोडावी लागेल." वर त्यांच्या फॉर्ममध्ये एक पान कोरं. त्यावर लिहायचं, मुलांबरोबर काम करताना तुमच्या हातून झालेली एक चूक. आणि त्याला जोडून वेगळ्या कागदावर शिफारसपत्र. फॉर्म जूनच्या चौदा तारखेपर्यंत द्यायचा.

परतताना सान्वी म्हणाली, "आई, तुला चूक लिहायला एक पान पुरेल का?" मी म्हटलं गप बस.

तुम्ही सांगा कुठला घेऊ. घरच्यांचं म्हणणं खोपटचा, कारण जवळ. माझं म्हणणं अजून डोंबिवलीच्या जिन्यातच आहे. कल्याणच्या फॉर्ममधला शिफारसपत्राचा कागद पाठवतेय तो फक्त असावा म्हणून.

तुमची,
जया मावशी


खोपट
२ जून २०२५

दर्शना टीचर,

तुमचं पाकीट शनिवारी आलं. आत एक चिठ्ठी: "ज्या कोर्सात रोज मुलं असतील तो घ्या. बाकी सगळं पुस्तकातून येतं, ते येत नाही." तेवढ्यावर मी कल्याण ठरवलं, आणि घरात कोणाला विचारलं नाही.

चुकीचं ते पान मी त्याआधीच लिहून ठेवलं होतं. एकदा दोन पोरांचे डबे बदलले आणि उपासाचं थालीपीठ भलत्याच पोराने खाल्लं, असं काहीतरी. सान्वीने वाचलं आणि म्हणाली, "आई, ही चूक आहे की स्वतःचं कौतुक?"

मग तुमचं शिफारसपत्र उघडलं. सगळं चांगलंच लिहिलंय. मुलांच्या बाबतीत माझी नजर पक्की, माझा आवाज खालचा. खालचा नाहीये, पण असो. आणि शेवटी हे वाक्य: "२०१९ साली माझ्या निष्काळजीपणामुळे एक मूल शाळेबाहेर गेलं तेव्हाही ते कुठे गेलं असेल हे जयानेच ओळखलं आणि त्यामुळे ते सापडलं."

माझ्या निष्काळजीपणामुळे, असं तुम्ही लिहिलंत. टीचर, मला वाटायचं की खरं काय ते तुम्हाला माहीत आहे, तुम्ही माझ्यावर चिडून आहात, म्हणून सहा वर्षं फोन नाही. रागावलेल्या माणसाकडून कागद मागणं सोपं होतं. तुम्ही खरंच स्वतःला दोषी धरून बसला आहात हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

म्हणून आता लिहिते. उलटसुलट होईल, सांभाळून घ्या. नाही, सांभाळून घेऊ नका.

होळीनंतरचा सोमवार होता. सुटायला अर्धा तास होता. फाटकाबाहेर गुणाजी आबा उभे, दिशाचे आजोबा, तिच्या बापाचे वडील. तुम्हाला ते एक म्हातारे गृहस्थ एवढेच माहीत. माझ्यासाठी ते गाववाले. आमचं लांज्याकडचं गाव एकच, वाड्या शेजारशेजारच्या, आणि ठाण्यात आमच्या गावाचं मंडळ आहे त्यात ते माझ्या सासऱ्यांच्या बरोबरीचे. कपाळाला गुलाल, हातात एसटीची दोन तिकिटं. म्हणाले, "जये, परवा पालखी येतेय घरात. नातीला एकदा पालखीखालून काढायची आहे. गेल्या साली राहिलं, त्याआधी राहिलं. तिच्या आयशीला सांगितलंय मी. चौथ्या दिवशी आणून सोडतो."

शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते, त्या दिवशी घरचं लेकरू घरात असावं लागतं. आमच्याकडे माणूस कशावरही खोटं बोलेल, पालखीचं नाव घेऊन नाही बोलणार. निदान मला तसं वाटायचं. मी विचारलंसुद्धा नाही. उलट त्यांच्या पाया पडले, माझ्यातर्फे नारळ ठेवा म्हणाले, आणि दिशाच्या बुटांचे पट्टे लावून तिचा हात त्यांच्या हातात दिला.

आता पुढचं. दिशाच्या आईने लिहून दिलं होतं की नवऱ्याच्या घरच्या कोणाच्याही हाती मुलीला द्यायचं नाही. तो कागद तुमच्या कपाटात होता. चौकशीत मी म्हणाले की मला त्याची कल्पना नव्हती. कल्पना होती. जानेवारीतच तुम्ही मला सांगितलं होतं, पोरांच्या बाटल्या भरताना, आवाज खाली करून, दिशाला ऐकू जाऊ नये म्हणून. मला तो कागद आठवत होता. आबा समोर उभे असताना आठवत होता. मला वाटलं, तो कागद शहरातला, पालखी त्याच्याहून मोठी.

साडेबाराला तिची आई आली आणि पोर नाही. ती बाई फाटकाच्या गजाला धरून खाली बसली ते मी बघितलं. मोठ्या बाई धावत आल्या. कोणी सोडलं, कोणी सोडलं, एकच. तेव्हा तुम्ही आत शेवटच्या तीन पोरांना बूट घालत होता. आणि मी म्हणाले, "मी टीचरना विचारलं, त्यांनी मान डोलावली."

हे वाक्य मी ठरवून बोलले नाही. पण बोलल्यावर मागेही घेतलं नाही, पोलीस चौकीत नाही, चौकशीत नाही. माझा हिशोब सरळ होता. टीचरला ओरडतील, समज देतील. मावशीला दुपारीच घरी पाठवतील. तुम्हाला काढतील असं मला खरंच वाटलं नव्हतं. एप्रिलमध्ये काढलं तेव्हा वाटलं आता उशीर झाला. पोर कुठे गेलं ते मी ओळखलं असं सगळे म्हणाले. ओळखायचं काय त्यात, मीच तर पाठवलं होतं. ह्यांनी डेपोतून फोनाफोनी केली, दुसऱ्या दिवशी गावात दिशा आजोबांच्या खांद्यावर बसून हसत मिळाली. तिच्या आईने ते चोवीस तास कसे काढले ते ती आणि देव जाणे. आणि पंधरा ऑगस्टला शाळेने मला गुच्छ दिला. मी घेतला.

तुमचं शिफारसपत्र या पाकिटात परत पाठवतेय. ते मला वापरता येणार नाही.

जया


खोपट
८ जून २०२५

दर्शना टीचर,

तुमचं उत्तर आलं नाही आणि त्याची वाट बघत मी हे लिहीत नाही. काय झालं ते कळावं म्हणून लिहिते.

आधी घरी सांगितलं.  हे म्हणाले, "मी त्या रात्री बारा डेपोंना फोन लावले, आणि तू शेजारी बसून चहा देत होतीस." आणि डबा घेऊन कामाला गेले. सान्वीने विचारलं, "टीचरना किती वर्षं माहीत नव्हतं?" सहा, म्हटलं. ती माझ्याशी दोन दिवस धड बोलली नाही. आज सकाळी येऊन केसांना तेल लावून दे म्हणाली, तेव्हा मला रडू आलं.

गुरुवारी मोठ्या बाईंकडे गेले. सगळं सांगितलं आणि लिहूनही दिलं, खाली सही करून. त्या आधी म्हणाल्या, "जया, आता हे कशाला? सगळे विसरले." मी म्हटलं, दर्शना टीचर विसरल्या नाहीत. मग त्यांचा आवाज बदलला. माझी धरून ठेवलेली जागा गेली. मावशीचं कामही या महिन्यापुरतंच. मला वाटलं होतं मी तिथे रडेन, पण मला भूक लागली होती. नाक्यावर उभी राहून वडापाव खाल्ला.

मोठ्या बाईंनी एक पत्र दिलंय, शाळेच्या कागदावर, की २०१९ च्या त्या प्रकारात तुमची चूक नव्हती आणि तुम्हाला काढणं चुकीचं होतं. हे पत्र मी मागून घेतलं. दोनदा परत पाठवलं, कारण आधी त्यांनी "बहुधा" असं लिहिलं होतं. ते सोबत जोडलंय. तुम्हाला कुठे दाखवायचं असेल तर दाखवा, नसेल तर ठेवा.

आणखी एक गोष्ट. संचिता टीचर काल मला भेटल्या. म्हणाल्या, तुम्ही शिकवणं सोडलंत ते नोकरी गेली म्हणून नाही. सांगलीत दोन शाळांनी बोलावलं होतं. तुम्ही संचिता टीचरना म्हणाला होतात, "मला आठवत नाही ग मी मान डोलावली ते. पण जया मावशी खोटं कशाला बोलेल? म्हणजे डोलावली असणार. ज्या बाईला आपण काय केलं ते आठवत नाही तिने मुलं सांभाळू नयेत."

टीचर, तुम्ही मान डोलावली नव्हती. मी तुम्हाला काहीच विचारलं नव्हतं. तुमची पाठ होती माझ्याकडे. तुम्हाला आठवत नाही कारण तसं झालंच नाही. तुमच्या डोक्यात काही बिघाड नाही, तुमची नजर चुकली नाही, तुमचं काहीही चुकलं नाही. कधी पुन्हा शंका आली तर हे पत्र काढून वाचा, म्हणून मोठ्या अक्षरात लिहिलंय.

कल्याणच्या फॉर्मवरचं डब्याचं पान फाडून टाकलं आणि दिशाचं लिहिलं. पाठपोट झालं. काल जाऊन शेवंतीबाईंना दिलं. त्यांनी चष्मा लावून माझ्यासमोरच वाचलं. मला वाटलं हाकलतील. त्या म्हणाल्या, "याच्यासोबत शिफारसपत्र कुठाय?" मी म्हटलं, होतं, परत केलं. म्हणाल्या, "मग त्याशिवाय मी घेऊ शकत नाही. हे इथे सगळ्यांना सारखं आहे. चौदापर्यंत वेळ आहे." ज्या टीचरबरोबर दोन वर्षं काम केलं अशी दुसरी कोणी माझ्याकडे नाही. डोंबिवलीचा कोर्स अजून उघडा आहे, पण तिथे मी जाणार नाही. लोकांची धुणीभांडी करेन.

तुमच्याकडून काही मागत नाहीये. हे खरं आहे. आयुष्यात पहिल्यांदा काही न मागता पत्र लिहितेय, म्हणून संपवायचं कसं ते कळत नाही.

जया


सांगली
११ जून २०२५

प्रति,
प्रमुख, सहायक शिक्षिका अभ्यासक्रम, कल्याण

महोदया,

आपल्याकडे अर्ज केलेल्या श्रीमती जया यांच्यासाठी मी हे शिफारसपत्र देत आहे. गेल्या महिन्यात मी एक दिलं होतं, ते त्यांनी मला परत केलं. त्यातलं एक वाक्य खोटं होतं. ते खोटं आहे हे तेव्हा मलाच माहीत नव्हतं.

मी ठाण्याच्या एका बालवाडीत चार वर्षं शिक्षिका होते आणि जया माझ्या वर्गात मदतीला होत्या. आमच्या वर्गात नयन नावाचा मुलगा होता, तो तीन महिने कोणाशी बोलला नाही. मी चित्रं दाखवली, गाणी म्हटली. जया रोज त्याच्या शेजारी बसून वाटाणे सोलायच्या आणि त्याला काही विचारायच्या नाहीत. एक दिवस त्याने त्यांच्या हातातली शेंग घेऊन "हिच्यात पाच आहेत" असं सांगितलं. मुलाला ताप येणार हे त्यांना त्याच्या कानाला हात लावून कळायचं. त्यांचा आवाज मोठा आहे. आधीच्या पत्रात मी तो खालचा लिहिला होता, तेही दुरुस्त करते.

मार्च २०१९ मध्ये त्यांनी एका मुलीला ज्यांच्या हाती द्यायचं नव्हतं त्यांच्या हाती दिलं, आणि ती चूक माझ्यावर ढकलली. माझी नोकरी त्यामुळे गेली. मी सहा वर्षं मुलांपासून लांब राहिले, कारण माझा स्वतःवरचा विश्वास उडाला होता. हे त्यांनी आता मला लिहून कळवलं आहे. त्यांना कोणी विचारलं नव्हतं, आणि न सांगता त्यांचं काम झालं असतं. माझं पत्र त्यांच्या हातात होतं, ते फक्त आपल्याकडे द्यायचं बाकी होतं.

आपल्या फॉर्मवर शेवटी विचारलं आहे की या उमेदवाराच्या हाती आपण मूल सोपवाल का. या प्रश्नापाशी मी दोन दिवस थांबले. फाटकावर उभं राहून कोणाला मूल द्यायचं नाही, हे आता त्यांच्याइतकं कोणाला कळत असेल असं मला वाटत नाही. माझं उत्तर होय असं आहे.

मी त्यांना माफ केलेलं नाही. करेन की नाही हेही आज सांगता येत नाही. त्यांना प्रवेश द्यावा.

दर्शना